धातू-सेंद्रिय चौकटीतील छिद्रांची आखणी : फळबागायतदारांनी काय समजून घ्यावे?



सीताफळ हे अत्यंत नाशवंत फळ आहे. पुरंदरच्या बागेत पहाटे तोडलेला माल सकाळी गुलटेकडीच्या मार्केट यार्डात पोहोचतो. त्या दिवशी उठाव झाला नाही, तर दोन-तीन दिवसांत फळे मऊ पडतात आणि भाव निम्म्यावर येतो. म्हणूनच "फळ टिकवणारी" कोणतीही वस्तू दिसली की बागायतदाराचे लक्ष तिकडे वळणे स्वाभाविक आहे.

गेल्या हंगामात स्वारगेट एसटी स्थानकावर सासवडच्या गाडीची वाट पाहत असताना ओळखीच्या एका बागायतदारांनी मला खिशातून एक कागदी पुडी काढून दाखवली. "सर, यात नोबेलवाली पावडर आहे म्हणतात. क्रेटमध्ये एक टाकली की फळ पिकत नाही. घेऊ का?" पुडीवर 'नॅनो', 'सच्छिद्र', 'इथिलीन शोषक' असे शब्द होते. ती कशाची बनवली, तिच्यातील छिद्रे केवढी, दमट हवेत ती काम करते का, यांपैकी काहीही छापलेले नव्हते. गाडी आली आणि बोलणे अर्धवट राहिले. त्यांच्या प्रश्नाचे पूर्ण उत्तर देण्यासाठी हा लेख लिहिला आहे.

फळाला इथिलीन कसे कळते?

सीताफळ, केळी, आंबा, चिकू, टोमॅटो ही फळे तोडल्यानंतरही पिकतात. पिकताना ती इथिलीन नावाचा वायू सोडतात आणि हाच वायू शेजारच्या फळालाही पिकण्याचा इशारा देतो. फळाच्या पेशीत इथिलीन ओळखणारे एक प्रथिन असते. त्या प्रथिनात तांब्याचा अणू असतो व इथिलीनचा रेणू त्यालाच जाऊन चिकटतो. ही गोष्ट लक्षात ठेवावी, कारण पुढे तिचा उपयोग होणार आहे.

हवेच्या दहा लाख भागांत एक भाग इतके थोडे इथिलीनसुद्धा पिकण्याची क्रिया सुरू करण्यास पुरेसे ठरते. हा एक भाग हवेतून काढून घेता आला, तर फळ जास्त टिकेल. अडचण आहे ती बाकीच्या हवेतून नेमका तोच भाग वेचून काढण्याची.

छिद्र म्हणजे काय? मातीपासून सुरुवात करू

छिद्रांचे महत्त्व शेतकऱ्याला नव्याने सांगावे लागत नाही. मातीतील मोठ्या छिद्रांतून पाणी निचरून जाते आणि हवा खेळते. बारीक छिद्रांत पाणी धरून राहते. शेणखत घातले, मशागत वेळेवर केली की छिद्रांचे प्रमाण सुधारते. म्हणजे छिद्रांची रचना बदलून काय धरायचे व काय सोडायचे हे आपण पूर्वीपासून ठरवत आलो आहोत. फक्त मातीत ही रचना ढोबळ असते. प्रत्येक छिद्र सारखे नसते.

येथे मापाचा फरक समजून घ्यावा. रेणू मोजण्यासाठी अँगस्ट्रॉम हे एकक वापरतात. १ मिलिमीटरचे १ कोटी भाग केले तर त्यातील एक भाग म्हणजे १ अँगस्ट्रॉम. मातीतील निचऱ्याचे ०.०५ मि.मी. रुंदीचे छिद्र म्हणजे ५ लाख अँगस्ट्रॉम झाले. वायूच्या रेणूला ते छिद्र म्हणजे उघडे मैदानच होय. रेणू वेगळे करायचे तर छिद्र रेणूच्याच मापाचे हवे.

तक्ता १. रेणूंचे अंदाजे माप (अँगस्ट्रॉम)
पाणी : २.६५
कार्बन डायऑक्साइड : ३.३
ऑक्सिजन : ३.४६
नायट्रोजन : ३.६४
इथिलीन : सुमारे ४

निसर्गात असे बारीक व सारख्या मापाचे छिद्र झिओलाइट या खनिजात आढळते. पुणे परिसरातील काळ्या खडकाच्या पोकळ्यांत सापडणारे स्टिल्बाइट व ह्यूलँडाइट ही झिओलाइटच होत. विहीर खोदताना निघणारे मोत्यासारखे चमकणारे स्फटिक अनेकांनी पाहिले असतील. मात्र झिओलाइट हे संपूर्णपणे खनिज असल्याने त्याची छिद्रे हवी तशी बदलण्यास मर्यादा पडतात.

संकरित चौकट कशी उभी राहते?

संकरित म्हटले की आपल्याला ज्वारीचे वाण आठवते. येथे संकर आहे तो धातू आणि सेंद्रिय रेणू यांचा. धातूचे अणू गाठीच्या जागी व सेंद्रिय रेणू दांड्याच्या जागी बसतात आणि चारही बाजूंना, वर-खाली सारखी चौकट तयार होते. यांना धातू-सेंद्रिय चौकटी किंवा इंग्रजी आद्याक्षरांवरून 'मॉफ' म्हणतात.

द्राक्षाचा मांडव डोळ्यांसमोर आणा. खांब कोठे रोवला, त्यापासून तारा कोणत्या दिशेने ताणल्या आणि दोन खांबांत अंतर किती ठेवले यावर मांडवाखालची मोकळी जागा ठरते. मॉफमध्ये धातूची गाठ म्हणजे खांब व सेंद्रिय रेणू म्हणजे तार. फरक इतकाच, की हा मांडव कोणी हाताने बांधत नाही. योग्य घटक योग्य द्रावणात एकत्र आले की तो आपोआप जुळतो.

ही कल्पना रिचर्ड रॉबसन यांना १९७४ मध्ये मेलबर्न विद्यापीठात सुचली. विद्यार्थ्यांना रेणूंची रचना दाखवण्यासाठी लाकडी गोळ्यांना भोके पाडून घ्यायची होती. भोके बरोबर जागी असली की काड्या बसवताच रचना आपोआप योग्य आकार घेते, असे त्यांच्या ध्यानात आले. गोळ्यांच्या जागी खरे अणू घेऊन १९८९ मध्ये त्यांनी तांब्याचे आयन व चार हातांचा सेंद्रिय रेणू यांपासून पोकळ चौकट तयार केली. जपानच्या सुसुमु कितागावा यांनी १९९७ मध्ये अशा चौकटीत वायू आत-बाहेर करू शकतो हे दाखवले. अमेरिकेतील ओमर याघी यांनी १९९९ मध्ये मॉफ-५ ही भक्कम चौकट प्रसिद्ध केली. या तिघांना २०२५ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. पुडीवरील 'नोबेल'चा संबंध इतकाच आहे. पारितोषिक या संशोधनाला मिळाले आहे, बाजारातील कोणत्याही पुडीला नव्हे.

मॉफ-५ मधील घटक आपल्याला अगदी अनोळखी नाहीत. त्यातील धातू जस्त आहे. सेंद्रिय दांडा टेरेप्थॅलिक आम्लाचा आहे. पाण्याच्या प्लॅस्टिक बाटल्या याच आम्लापासून बनतात. याच्या १ ग्रॅम भुकटीतील आतला पृष्ठभाग सुमारे ३,००० चौरस मीटर भरतो. म्हणजे चिमूटभर पावडरीत जवळजवळ ३० गुंठे! एवढ्या पृष्ठभागावर वायूचे रेणू बसू शकतात, म्हणून या पदार्थांना महत्त्व आले.

छिद्रांची आखणी करण्याचे पाच नियम

१) गाठ निवडणे : कोणत्या धातूची गाठ किती दिशांना हात देते यावर चौकटीचा आकार ठरतो. तांब्याच्या दोन अणूंची गाठ चार दिशांना हात देते. मॉफ-५ मधील जस्ताची गाठ सहा, तर झिर्कोनियमची गाठ बारा हात देऊ शकते. जोड जितके जास्त व घट्ट तितकी चौकट टिकाऊ.

२) दांड्याची लांबी ठरवणे : गाठ तीच ठेवून दांडा लांब केला की छिद्र मोठे होते. याघी यांच्या गटाने २००२ मध्ये मॉफ-५ च्याच घडणीच्या १६ चौकटी मांडल्या. त्यांची छिद्रे ३.८ पासून २८.८ अँगस्ट्रॉमपर्यंत होती. पण येथे एक धोका आहे. दांडा फार लांब झाला की मोकळ्या जागेत दुसरी चौकट घुसून वाढते, जसे एका मांडवात दुसरा मांडव गुंतावा. मग खांब दुप्पट होतात व जागा उरत नाही. म्हणून 'जितके मोठे तितके चांगले' हा समज चुकीचा आहे.

३) तोंड आणि पोट वेगळे मोजणे : जुन्या काळी धान्य साठवण्याचे पेव असे. तोंड अरुंद, आत पोट मोठे. झिफ-८ या जस्ताच्या चौकटीत तोंड ३.४ अँगस्ट्रॉमचे व आतील पोकळी ११.६ अँगस्ट्रॉमची आहे. कोण आत जाईल हे तोंड ठरवते आणि किती मावेल हे पोट ठरवते.

४) भिंतीचा स्वभाव ठरवणे : दांड्यावर वेगवेगळे रासायनिक गट लावून भिंत पाणी ओढणारी किंवा पाणी झटकणारी करता येते. काही चौकटींत धातूच्या गाठीचा एक हात मोकळा ठेवता येतो. तो एखाद्या विशिष्ट रेणूला पकडतो.

५) छिद्र रिकामे करणे व रिकामे ठेवणे : चौकट तयार होते तेव्हा छिद्रे द्रावणाने भरलेली असतात. ते काढताना कमकुवत चौकट कोसळते. काही चौकटी तर काळ्या मातीप्रमाणे वागतात. काळ्या मातीतील मॉन्टमोरिलोनाइटचे थर पाणी मिळताच दूर सरकतात व वाळताच जवळ येतात. त्याचप्रमाणे मिल-५३ ही चौकट पाहुणा रेणू आला की फाकते किंवा मिटते. असे फाकणे-मिटणे हिशेबात धरूनच आखणी करावी लागते.

खरी अडचण पाण्याची

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. इथिलीन पकडण्यासाठी कोणती चौकट घ्यावी?

पहिला विचार तांब्याचा येतो. फळाची पेशी इथिलीन पकडण्यासाठी तांबेच वापरते, हे आपण पाहिले. हाँगकाँगमध्ये १९९९ मध्ये तयार झालेली एचकेयूएसटी-१ ही तांब्याची निळी चौकट आहे. बोर्डो मिश्रणाच्या मोरचुदातील तांबे येथे सेंद्रिय आम्लाने बांधलेले असते. तापवून आतील पाणी काढले की मोरचूद पांढरे पडते, ही चौकट मात्र गडद जांभळट निळी होते, कारण तांब्याचा एक हात मोकळा होतो. कोरड्या हवेत हा मोकळा हात इथिलीनला चांगला धरतो.

परंतु फळांची खोली कोरडी नसते. फळ सुकू नये म्हणून तेथे दमटपणा मुद्दाम राखावा लागतो. खालील हिशेब पाहावा. १५ अंश से. तापमान व ९० टक्के आर्द्रता असलेल्या खोलीत हवेच्या दर दहा लाख रेणूंमागे सुमारे १५ हजार रेणू पाण्याचे असतात. इथिलीनचा असतो एक. तांब्याच्या एका मोकळ्या हातासाठी एका इथिलीनमागे १५ हजार पाण्याचे रेणू रांगेत उभे असतात, आणि तांब्याला पाणी जास्त प्रिय आहे. परिणामी पुडी काही वेळातच पाण्याने भरते. पुढे ओलाव्याने चौकटही बिघडत जाते. मॉफ-५ तर साध्या दमट हवेतही मोडतो.

मग तोंड लहान करून पाणी बाहेर ठेवता येईल का? तक्ता १ पुन्हा पाहावा. पाण्याचा रेणू सर्वांत लहान आहे. ज्वारी आत घेणारी चाळणी राजगिरा कसा अडवणार? ज्या तोंडातून इथिलीन जाईल त्यातून पाणी जाणारच. तेव्हा छिद्राच्या मापाने हा प्रश्न सुटत नाही. तो भिंतीच्या स्वभावानेच सोडवावा लागतो. या लेखातील हा सर्वांत महत्त्वाचा मुद्दा आहे.

भिंत पाणी झटकणारी केली तर? झिफ-८ ची भिंत तशी आहे, ती पाणी फारसे घेत नाही. पण तिच्यात धातूचा मोकळा हात नाही, त्यामुळे इथिलीनवरील पकडही सैल राहते. एकीकडे घट्ट पकड पण पाण्याची चोरी, दुसरीकडे पाण्यापासून बचाव पण पकड ढिली. या दोहोंच्या मधली चौकट आखणे हे आजचे संशोधन आहे.

पाण्यावर मात झाल्याचे एक उदाहरण

असे होऊ शकते याचा पुरावा आहे आणि त्यात पुण्याचाही वाटा आहे. कॅनडातील कॅलगरी विद्यापीठात जॉर्ज शिमिझू यांच्या गटाने कॅल्फ-२० ही चौकट तयार केली. तिच्यावरील शोधनिबंध २०२१ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात आला. त्याच्या लेखकांत पाषाण येथील आयसर या संस्थेचे रामनाथन वैद्यनाथन आहेत. ही चौकट कारखान्याच्या धुरातील कार्बन डायऑक्साइड पकडण्यासाठी आहे.

तिचे तिन्ही घटक शेतकऱ्याच्या ओळखीच्या घराण्यातले आहेत. धातू जस्त, जे आपण झिंक सल्फेट म्हणून देतो. एक दांडा ऑक्झॅलेटचा, ज्याचे स्फटिक अळूत असल्यामुळे घसा खवखवतो. दुसरा दांडा ट्रायअझोलचा. हेक्झाकोनॅझोल व प्रोपिकोनॅझोल या बुरशीनाशकांच्या रेणूत हेच कडे असते. अर्थात घटक ओळखीचे असले तरी चौकट ही वेगळीच वस्तू आहे. ती बुरशीनाशक नाही की खत नाही.

कॅल्फ-२० च्या छिद्रात कार्बन डायऑक्साइड नेमका मावतो व भिंत त्याला चहूबाजूंनी हलकेच धरते. पाण्याच्या रेणूंना मात्र एकमेकांना धरून बसण्यास सोयीची जागा मिळत नाही. म्हणून सुमारे ४० टक्के आर्द्रतेपर्यंत ती पाण्याऐवजी कार्बन डायऑक्साइड पसंत करते. पकड हलकी असल्याने गरम वाफेने ती पुन्हा रिकामी करता येते. २०२३ मध्ये बीएएसएफ कंपनीने तिचे व्यापारी प्रमाणावर उत्पादन केल्याचे जाहीर केले.

यातून दोन गोष्टी घ्याव्यात. विचारपूर्वक आखणी केली तर दमट हवेतही छिद्र हवा तो रेणू निवडू शकते. मात्र ४० टक्के आणि फळाच्या खोलीतील ९० टक्के यांत मोठे अंतर आहे. शिवाय ही चौकट इथिलीनसाठी नाही. एका कामासाठी आखलेले छिद्र दुसऱ्या कामाला चालतेच असे नाही.

फळांसाठी प्रत्यक्ष काय आले?

२०१६ मध्ये बेलफास्टची मॉफ टेक्नॉलॉजीज आणि मुंबईच्या यूपीएल समूहातील डेको यांनी फळांसाठी 'ट्रुपिक' हे उत्पादन आणले. त्यात चौकट इथिलीन शोषत नव्हती. तिच्यात १-एमसीपी नावाचा वायू साठवला होता. हा वायू फळातील तांबेयुक्त प्रथिनाला चिकटून इथिलीनची जागा अडवतो. येथे दमटपणा हा शत्रू न ठरता मदतनीस झाला, कारण ओलाव्याच्या संपर्काने वायू बाहेर पडतो. आखणी करणाऱ्याने प्रश्न उलटा मांडला, हे त्यातील वैशिष्ट्य. पुढे हे तंत्र मालकीहक्काच्या न्यायालयीन वादात सापडले.

पुडी घेण्यापूर्वी विचारावयाचे चार प्रश्न

१) यातील धातू व सेंद्रिय घटक कोणते? खाद्यवस्तूजवळ ठेवण्यास ते सुरक्षित असल्याचा दाखला आहे का?
२) ९० टक्के आर्द्रतेत हे किती इथिलीन धरते? कोरड्या हवेतील आकडा ग्राह्य धरू नये.
३) एका क्रेटला किती ग्रॅम लागते व किती दिवसांनी ते भरून जाते? भरलेले कसे ओळखावे?
४) आपल्याच फळावर, पुडीसह व पुडीविना, तुलनात्मक चाचणी झाली आहे का?

या चारांपैकी एकाचेही लेखी उत्तर मिळत नसेल, तर पैसे गुंतवू नयेत. तसेच अशी भुकटी खत म्हणून जमिनीत टाकू नये. धातू आणि सेंद्रिय घटक जमिनीत सुटे झाल्यावर काय होते हे पिकागणिक तपासल्याशिवाय शिफारस करता येत नाही.

घरच्या घरी चाचणी

सारख्या पक्वतेची १५ हिरवी टोमॅटो घ्यावीत. पाच-पाचचे तीन गट करून तीन सारख्या झाकणाच्या डब्यांत ठेवावीत. पहिल्या डब्यात फक्त टोमॅटो, दुसऱ्यात सोबत एक पिकलेले केळे, तिसऱ्यात पिकलेले केळे व पुडी ठेवावी. रोज एकदाच थोडा वेळ झाकण उघडून रंग लिहून ठेवावा. दुसरा व तिसरा डबा एकाच दिवशी लाल झाले, तर पुडीची किंमत आपणच ठरवावी.

तोपर्यंत काय करावे?

१) सीताफळाचे डोळे उघडून कडांना पिवळसर छटा आल्यावर, सकाळच्या थंड वेळी तोडणी करावी व माल लगेच सावलीत न्यावा.
२) उकललेले, मऊ पडलेले फळ क्रेटमधून आधी बाजूला काढावे. एक पिकलेले फळ संपूर्ण क्रेटला इथिलीन पुरवते.
३) कच्चा माल केळी-आंब्याच्या पिकवण खोलीशेजारी ठेवू नये. खोलीत हवा खेळती ठेवावी. हवा बदलणे हा इथिलीन काढण्याचा सर्वांत स्वस्त उपाय आहे.
४) पोटॅशियम परमँगनेटच्या पुड्या वापरायच्या असल्यास त्या फळाला लागणार नाहीत अशा ठेवाव्यात. जांभळा रंग जाऊन तपकिरी झाला की पुडी संपली असे समजावे.
५) फळे पिकवण्यासाठी कॅल्शियम कार्बाइड कदापि वापरू नये. त्यावर कायद्याने बंदी आहे. पिकवण खोलीत इथिलीन वायू दहा लाख भागांत १०० भागांपर्यंत वापरण्यास परवानगी आहे.

स्वारगेटवर भेटलेल्या त्या बागायतदारांना मी नंतर हेच सांगितले. त्यांनी पुड्यांची पेटी घेतली नाही. एकच पुडी घेऊन डब्यांची चाचणी लावली. नव्या शास्त्राकडे पाठ फिरवू नये, पण त्याला आपल्या मालावर पारखल्याशिवाय घरातही घेऊ नये. पुढील काळात दमट हवेतही इथिलीन नेमके धरणारी चौकट तयार झाली, तर तिच्या वेष्टनावर वरील चार प्रश्नांची उत्तरे छापलेली असतील. ती वाचता यावीत एवढ्यासाठी हा लेखनप्रपंच.